वामनाची पावले आणि बैलाचे कातडे

(वावर, तालुका जव्हार, येथे बळीप्रतिपदेच्या सायंकाळी एका प्राथमिक शिक्षकाने केलेले भाषण)



आज बळीची प्रतिपदा. ओवाळताना आपल्यापैकी कित्येक माउलींनी 'इडापिडा टळो, बळीचे राज्य येवो' असे म्हटले असेल. भात झोडून झाले की निम्मा पाडा भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघून जाईल. मग बोलावयाचे कोणापुढे? म्हणून जे काही पोटात आहे ते आजच ओकून टाकावे अशा हेतूने आम्ही उभे राहिलो आहोत. कारभाऱ्यांनी आम्हांस सांगितले, 'गुरुजी, बळीराजावर चार शब्द बोला.' बोलतो. पण ते शब्द बळीपासून निघाले तरी आमच्या उंबऱ्याशी येऊन थांबणार आहेत, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

बळीची गोष्ट आपणां सर्वांस पाठ आहे. बळी दानशूर राजा. वामन नावाचा बुटका बटू त्याच्या दारी आला व त्याने तीन पावले जमीन मागितली. राजा 'घे' म्हणाला. बटूने एका पावलात पृथ्वी व्यापली, दुसऱ्यात स्वर्ग, आणि तिसरे पाऊल देणाऱ्याच्याच डोक्यावर ठेवले. हजारो वर्षे भटजींनी ही गोष्ट देवाची लीला म्हणून सांगितली. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली, तीत तिचे कातडे उलटे करून दाखवले. ते म्हणाले, ही लीला कसली, ही फसवणूक आहे. कुणब्याच्या राजाची जमीन लुबाडली, आणि लुबाडणारास देव केले. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला पुण्यात सत्यशोधक समाज निघाला. अध्यापक विद्यालयात असताना आम्ही ते पुस्तक एका रात्रीत वाचून काढले. तेव्हापासून वर्गात वामनाची गोष्ट निघाली की आमचा आवाज चढतो. त्यात आम्हांस कधी काही खटकले नाही. खटकण्याचे कारणही नव्हते. लबाडी करणारा दुसऱ्याच्या घरचा होता.

आता आमच्या घरची गोष्ट ऐका.

आम्ही जातीने महादेव कोळी. जव्हारचे मुकणे राजे आमच्या जातीचे, आणि त्याचा आम्हांस लहानपणापासून मोठा अभिमान. या घराण्याची मूळ कथा आमच्या आज्याने आम्हांस मांडीवर घेऊन सांगितली होती. पुढे मोठेपणी ती आम्ही इंग्रज सरकारच्या गॅझेटियरातही पाहिली. मुसलमानी फौजा प्रथम दक्षिणेत उतरल्या त्या काळापर्यंत, म्हणजे १२९४ च्या सुमारापर्यंत, हा जव्हारचा मुलूख एका वारली नायकाकडे होता. मग जयबा मुकणे हा कोळी सरदार त्याच्याकडे गेला. त्याने फार काही मागितले नाही. एका बैलाच्या कातड्याखाली मावेल एवढी जमीन द्या, म्हणाला. वारली नायक 'घे' म्हणाला. जयबाने त्या कातड्याच्या बारीक बारीक वाद्या काढल्या, एकीला एक जोडत नेली, आणि त्या वादीने सारा मुलूख वेढून घेतला. त्याचा मुलगा नेमशहा यास दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली. ती तारीख ५ जून १३४३. तेथून जव्हारचा स्वतंत्र शक मोजत असत. १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत गादी याच घराण्याकडे होती.

ही गोष्ट आम्ही चौथीच्या वर्गात दरसाल सांगत आलो. वाद्या कापण्याचा भाग आला की हाताची कात्री करून दाखवीत असू. कोळ्यांची पोरे खदाखदा हसत. आमचीच मुलगी त्या वर्गात होती त्या वर्षी तर तिने टाळ्या वाजविल्या. तेव्हा मागच्या ओळीतला एक वारल्याचा पोर उभा राहिला. तो एरवी तोंड उघडत नसे. त्याने विचारले, "गुरुजी, मग त्या वारल्याचं काय झालं?"

मंडळी, गॅझेटियरात जयबाचे नाव आहे, त्याच्या मुलाचे आहे, वर्ष आहे, महिना आहे, दिवससुद्धा आहे. त्या वारल्याचे नाव मात्र आम्हांस कोठे मिळाले नाही. तो कोठे गेला, त्याची बायकापोरे कोठे राहिली, हे आमच्या आज्यालाही ठाऊक नव्हते आणि आम्हीही चाळीस वर्षांत कधी विचारले नव्हते. आम्ही त्या पोरास काय उत्तर दिले असेल? 'बस खाली. पुढचा धडा काढा.' एवढेच.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. तीन पावले मागणारा आणि कातड्याएवढी जमीन मागणारा यांत फरक तो कोणता? दोघांनी थोडे मागितले, दोघांनी दात्याच्या शब्दाचा अर्थ फिरवला, दोघांनी सर्व घेतले. पहिल्यास आम्ही लुच्चा म्हणतो आणि दुसऱ्यास मूळपुरुष. सावकार जेव्हा दहा रुपये देऊन शंभरांच्या कागदावर अंगठा घेतो, तेव्हा तोही कातड्याच्या वाद्याच कापीत असतो. त्याचे नाव काढले की आम्ही मुठी वळतो. कात्री तीच. हात आपल्या जातीचा असला की तिला हुशारी म्हणावयाचे!

कोणी म्हणेल, गुरुजी, ही तर दंतकथा. खरोखर असे घडले कशावरून? बरोबर आहे. आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर कार्थेज म्हणून प्राचीन नगर होते, ते वसविणाऱ्या डिडो राणीबद्दल हुबेहूब हीच कातड्याची गोष्ट सांगतात, आणि जव्हारची हकीकत लिहिणाऱ्या इंग्रजानेही तिची आठवण काढली आहे. बळीराजाही इतिहासात होऊन गेला असा पुरावा कोणी दाखविलेला नाही. जोतीरावांनी पुराणातून जो इतिहास काढला तो आजचे इतिहासकार जसाच्या तसा मान्य करीत नाहीत, हेही आम्ही त्यांचे अनुयायी म्हणवून घेताना दडवू नये. पण गोष्ट खोटी म्हणून आमची सुटका होते काय? आम्ही ती हसत हसत सांगितली हे तर खरे आहे ना? आपल्या पूर्वजाच्या अंगी हजार गुण चिकटविता आले असते. आम्हांस गौरवासाठी सापडली ती एका गरिबास फसविल्याची कथा.

यात मुकणे घराण्याचा उपमर्द करण्याचा आमचा हेतू नाही. शेवटचे राजे यशवंतराव दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते, पुढे लोकांनी त्यांस लोकसभेवर निवडून दिले. त्यांचा जयविलास राजवाडा पाहावयास आम्ही दरसाल सहल नेतो, आणि तो पाहण्यासारखा आहेच. फक्त मुलांना खांब आणि कमानी दाखविताना, हे दगड डोक्यावरून कोणी वाहिले आणि त्यांस त्याचे काय मिळाले, हा प्रश्न आम्ही एकदाही काढला नाही. उत्तर काही का असेना, विचारावयास काय लागत होते?

आमच्या स्नेह्यांपैकी काहींस हे बोलणे रुचले नाही. ते म्हणतात, घरचे उणे चव्हाट्यावर कशाला? विरोधकांच्या हाती आयते कोलीत मिळेल. या आक्षेपास चळवळीच्याच इतिहासातून उत्तर देतो. १९२५ साली दिनकरराव जवळकरांनी 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक लिहिले. टिळक-चिपळूणकरांची त्यात काय गत केली आहे हे वाचणारांस ठाऊक आहे. त्यावर खटला होऊन जवळकर, केशवराव जेधे प्रभृतींस शिक्षा झाली. अपिलात त्यांच्या बाजूने उभा राहिला तो वकील म्हणजे डॉक्टर आंबेडकर. १९२६ साली त्यांनी या मंडळींस सोडवून आणले. पुढच्याच वर्षी महाडास चवदार तळ्याचा सत्याग्रह उभा राहिला. तेव्हा याच जेधे-जवळकरांनी पाठिंबा देऊ केला, पण अट घातली, की कोणाही ब्राह्मणास, मग तो सुधारक का असेना, त्यात घेऊ नये. आंबेडकरांनी ती अट मानली नाही. जन्मावरून माणूस बाद करावयाचा हाच तर ज्या रोगावर इलाज चालला होता तो रोग! आम्ही अध्यापक विद्यालयात 'देशाचे दुश्मन'वर तास न् तास बोललो आहोत. अपिलाचीही गोष्ट अभिमानाने सांगितली आहे. अटीची गोष्ट कोणी काढली नाही, आणि आम्हांस कळल्यावर आम्हीही ती खिशातच ठेवली. जवळकरांच्या लेखणीची धार आम्हांस आजही प्रिय आहे. पण टिळकांचे घर चाळणीने चाळावयाचे आणि आपल्या घराला सारवण घालावयाचे, याला सत्याचा शोध म्हणत नाहीत.

जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतील सज्जनांस, त्यांनी गुलामांस मुक्त केले म्हणून. त्याच अमेरिकेचा १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा ज्याने लिहिला, सर्व माणसे समान असे ज्याने मांडले, त्या जेफर्सनच्या मालकीचे आयुष्यभरात सहाशेंवर गुलाम होते. ते लोक आता हे आपल्या मुलांस उघड सांगतात. जाहीरनाम्यातला तो शब्द त्यामुळे पुसला गेलेला नाही.

असो. दूरचे दिवे पुष्कळ झाले. आता आमच्या आज्याकडे येतो.

ज्या आज्याने कातड्याची गोष्ट सांगितली तो आमचा देव. सातवी शिकलेला, भजनी, दारूस न शिवणारा. आमच्या शिक्षणाचा सारा खर्च त्याने केला. त्याच्या घरी नागलीने भरलेल्या चार कणग्या असत. आषाढात लोकांच्या चुली थंड पडत तेव्हा वारली-कातकरी बाया आमच्या ओट्याशी येऊन बसत. आजा त्यांस पायली-दोन पायली खावटी देई. आम्ही लहानपणी समजत होतो, की आजा दान करतो. कार्तिकात ते धान्य दिढीदुपटीने परत येई हे आम्ही डोळ्यांनी पाहत होतो; पण दान आणि ते परत येणारे धान्य यांची सांगड आमच्या डोक्यात बसलीच नाही, किंवा आम्ही ती बसू दिली नाही. ज्यांस परत करता येईना त्यांचा एखादा पोर आमची गुरे राखी. त्याच्या आणि आमच्या वयात दोन वर्षांचे अंतर होते. आम्ही शाळेत जात होतो आणि तो आमच्या गुरांमागे.

१९४५ साली तलासरी, डहाणू, उंबरगावकडच्या वारल्यांनी उठून वेठ मोडली आणि लग्नगड्याची चाल मोडली. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायकोने जन्मभर सावकाराकडे राबावयाचे, अशी ती चाल. त्या लोकांमध्ये राहून त्यांस उभे करणारी बाई होती गोदावरी परुळेकर. माहेरची गोखले, पुण्याच्या ब्राह्मणाची लेक. आणि १९४५ नंतर कितीतरी वर्षे खावटीच्या नावाखाली दुसऱ्याचा पोर गुरांमागे ठेवणारा होता आमचा आजा, पक्का ब्राह्मणेतर, ज्याच्या भिंतीवर जोतीरावांची तसबीर होती. हे सांगताना जीभ जड होते. पण ज्या वर्तमानपत्राच्या वाचकांस आम्ही इतकी वर्षे भटशाहीचे दाखले पुरविले, त्यांस हाही दाखला पोहोचला पाहिजे.

आणि १९९२. ते वर्ष या वावरात कोणास सांगावयास नको. त्या पावसाळ्यापासून पुढे, १९९२-९३ मध्ये, वावर-वांगणीच्या पाड्यांवर शंभरावर बालके गेली. उपासमार, हगवण, ताप. नावे निरनिराळी, मूळ एकच. हा मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. मुंबई येथून शंभर-दीडशे किलोमीटरांवर, आणि तरी तिला वावर हे नाव ठाऊक झाले ते मढ्यांवरून. मंत्री आले, मोटारी आल्या, छायाचित्रे निघाली. सरकारवर जो ठपका आला तो योग्यच होता, तो आम्ही तिळभर कमी करू इच्छीत नाही. २०१६ साली मोखाड्याच्या बालमृत्यूंनी पुन्हा तेच पाहावे लागले, तेव्हाही तो तसाच योग्य होता. पण आम्ही त्या वर्षी दहा-बारा वर्षांचे होतो, आणि आमच्या घरच्या कणग्या रिकाम्या नव्हत्या. आजा ओट्यावर बसून म्हणे, 'सरकारने पोरे मारली.' त्याच आषाढात त्याने खावटी दिली होती. दर एका पायलीनेही कमी केला नव्हता. आमच्या घरी त्या वर्षी कोणी दगावले नाही, आणि ते दैवाने झाले असे आम्ही पुष्कळ वर्षे समजत होतो.

आज्यावर प्रेम आहे. त्याची तसबीर आम्ही उतरविणार नाही. पण मुलीस कातड्याची गोष्ट सांगावयाची तर खावटीचीही सांगावी लागेल, आणि गेल्या पंधरवड्यात सांगितली. ती बराच वेळ गप्प बसली, मग तिने विचारले, 'आणि बाबा, तुम्ही?'

तर आता आम्ही.

आमची शाळा कोणती हे येथे बसलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. संपादकांनी छापताना नाव गाळावे, कारण दोष शाळेचा नाही. दिवाळी झाली की वर्गातली बारा पोरे आईबापांबरोबर भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परत येतात. आम्ही त्यांच्या नावांपुढे हजेरी लावीत आलो. वरून हुकूम नव्हता. कोणी धमकी दिली नाही. पट घसरला तर एक शिक्षक कमी होईल, तो कदाचित आपणच असू, एवढे भय पुरे झाले. पहिल्या वर्षी हात कापला. दुसऱ्या वर्षी हात आपोआप चालला. तिसऱ्या वर्षी तर आम्हांसच वाटू लागले, की हे आम्ही पोरांच्या भल्यासाठी करीत आहोत.

भले काय झाले ते ऐका. जी पोरे गावातून स्थलांतर करतात त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह मागता येते, म्हणजे आईबाप भट्टीवर गेले तरी पोर गावात राहून जेवते आणि शिकते. ज्याला जावेच लागते त्याला शिक्षण हमी कार्ड देता येते, ते दाखवून भट्टीजवळच्या शाळेत बसता येते. पण आमच्या वहीत एकही पोर गावाबाहेर गेलेले नव्हते! मग वसतिगृह कोणासाठी आणि कार्ड कोणाचे? पोरे तिकडे विटा उलथीत होती आणि इकडे कागदावर पाढे म्हणत होती. असे होत होत ती पाचवीत गेली. त्यांतल्या काहींस आजही आपले नाव लिहिता येत नाही, आणि त्यांच्या गुणपत्रकावर सही आमची आहे.

आणि तांदूळ. पहिली ते पाचवीच्या पोरामागे दिवसाला शंभर ग्रॅम धरतात. बारा पोरे, शंभर दिवस. हिशेब आम्हीच तुम्हांस शिकविला आहे, एकशे वीस किलो. जी पोरे हजर होती त्यांच्या ताटात त्यातला बराच गेला. काही उंदरांनी खाल्ला. चौदा किलो, दोन खेपांना, पिशवीत घालून आमच्या घरी आला. घरच्या मंडळींनी विचारले, 'हा कोठला?' आम्ही म्हणालो, 'उरलेला.' एका शिक्षकास चौदा किलो तांदळाची गरज नव्हती. समोर पडला होता आणि वही जुळत होती, एवढेच. कातड्याच्या वाद्या कशा निघतात हे आम्हांस त्या दिवशी कळावयास हवे होते. कळले ते मुलीने विचारले तेव्हा.

मागच्या आठवड्यात आम्ही तालुक्याच्या कचेरीत हे सर्व लिहून दिले, वर्षांसह व पोरांच्या संख्येसह. चौदा किलोही लिहिला आहे. त्याचे काय व्हावयाचे ते होईल. अजून उत्तर आलेले नाही. एका सोबत्याने सांगितले, 'वेड लागले काय? नोकरी जाईल.' जाऊ शकते. त्या भयाने आम्ही आजही मोकळे नाही, ते आमच्या आवाजावरून तुम्हांस कळतच असेल.

आता एक काम. समोर ओट्यावर एक वही ठेवली आहे. जी घरे या पंधरवड्यात भट्टीवर निघणार आहेत त्यांनी निघण्याआधी आपल्या पोराचे नाव, वय, कोणत्या गावच्या भट्टीवर जाणार आणि केव्हा परतणार, हे तीत लिहावे. ज्यांस लिहिता येत नाही त्यांच्यासाठी आमची मुलगी वहीशी बसेल. जे पोर मागे ठेवता येईल ते ठेवा, वसतिगृहाची मागणी उद्याच जाईल. जे नेणार असाल त्याचे कार्ड घेतल्याशिवाय गाडीत बसू नका. मालकाने कितीही उचल दिलेली असो, एक दिवस तो थांबेल.

वहीचे पहिले पान भरलेले दिसेल. त्यावर बारा नावे आहेत, ज्यांची हजेरी आम्ही खोटी लावली त्यांची. ती वाचून दाखविण्यास आम्ही तयार आहोत. त्यांचे आईबाप येथेच बसले आहेत. त्यांनी विचारावे, आम्ही उभेच आहोत.